मिनी सोडा

पहिल्या रात्री मी टाईप केलं: मिनी सोडा.
खैरनार सर हसले नाहीत. म्हणाले,
धात्रक मॅडम, हे राज्य आहे, बाटली नाही,
आणि माझ्या समोरच्या भिंतीवर नकाशा चिकटवला.
कॉलेज रोडचं ऑफिस, दुसरा मजला,
कानात डॉक्टर, पायाखाली पेडल,
आईच्या शिलाई मशीनला असायचं तसंच.
दाबलं की माणूस बोलतो, सोडलं की गप्प.

सात वर्षं मी त्या राज्याची दुखणी टाईप केली.
गुडघे, पित्ताशयं,
गोठलेल्या तळ्यावर घसरून मोडलेली मनगटं.
दहा हजार तळी, असं तिथं गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिहितात,
मोजायला गेलं तर जास्तच भरतात म्हणे.
आमच्याकडे उलट. बोर्डावर जास्त, जागेवर कमी.

राज्याचा पक्षी लून, लाल डोळ्यांचा,
रात्री असा ओरडतो की नवा माणूस उठून कडी तपासतो.
राज्याचं फूल बाईच्या सपातेसारखं, गुलाबी-पांढरं,
फुलायला पंधरा-सोळा वर्षंही घेतं,
तोडलं तर गुन्हा.
राज्याचं धान्य तांदूळ, पण तळ्यात आपला आपण उगवलेला,
होडीत बसून काठीनं झोडायचा.
हे घोटीच्या मावशीला सांगितलं.
ती म्हणाली, मग आवणी कोण करतं?
कुणीच नाही म्हटल्यावर
बराच वेळ ती बोलली नाही.

ब्रीदवाक्य: उत्तरेचा तारा.
पहाटे चारच्या चहाला गच्चीवर मी ध्रुव शोधायची.
इथं तो पाण्याच्या टाकीला टेकलेला,
तिथं अर्ध्या आभाळावर चढलेला.
तारा तोच. मान वेगळी दुखते.

मिसिसिपी तिथं उगमापाशी
चपला हातात घेऊन दगडांवरून ओलांडता येते.
त्या तळ्याचं नाव लॅटिनमधून कातरलेलं:
सत्य आणि शिर, असे दोन शब्द घेतले,
सत्याचं तोंड छाटलं, शिराचं शेपूट,
उरलं ते जोडलं. इटास्का.
मला नवल वाटलं नाही.
मी ज्या गावात बसून टाईप करते
त्याला एका बाईचं नाक कापल्यावर नाव मिळालंय.
कुणी नऊ शिखरं सांगतात,
मध्ये काही काळ गुलशनाबादही होतं,
पण नाकच राहिलं लोकांच्या तोंडी.

मग जानेवारीतली ती फाईल.
बाई, वय एकाहत्तर, बेमिजीजवळची,
उणे एकतीसमध्ये कुत्रा शोधायला तळ्यावर गेलेली.
हिमदंश. नाकाचा शेंडा काळा, काढावा लागेल.
इथं डॉक्टर थांबला.
मागून तिचा आवाज आला, फाईलमध्ये नसायला हवा होता तो:
आणि कुत्रा?
नियम असा, की डॉक्टरचं नसेल ते टाईप करायचं नाही.
मी केलं.
सरांनी खोडलं.

नावाचा अर्थ फार उशिरा कळला.
शब्द डकोटा लोकांचा. मिनी म्हणजे पाणी.
पुढच्या अर्ध्यावर वाद आहे,
धुरकट म्हणा, नाहीतर आभाळाच्या रंगाचं.
सांगतात, परक्यांना समजेना तेव्हा
त्यांच्या बायका पाण्यात दुधाचा थेंब टाकून दाखवायच्या:
हे. असं.
पुढे त्या लोकांना तिथून हाकललं.
शब्द ठेवून घेतला.

त्या सकाळी शिफ्ट सुटल्यावर मी गंगेवर गेले.
बाहेरगावची एक बाई
अर्ध्या लिटरची पिशवी दातानं फाडून
दूध पात्रात सोडत होती.
पाणी पांढुरकं झालं, त्यात थोडं आभाळ,
थोडा झेंडू, एक शॅम्पूचं पाकीट,
आणि दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पोचेपर्यंत
सगळं पुसलं गेलं.
पुन्हा ऐकायचं असल्यासारखा
माझा पाय आपोआप दाबला गेला.
खाली नुसती पायरी होती, ओली.
रिक्षावाला म्हणाला, सिडको?